लागेल तेव्हा उघडू

नानांकडे पाहुणा गेला की त्याला घरात बसवत नसत. गाडीत बसवत. पाहुण्यानं चपला काढायच्या, पडवीत जायचं आणि लाकडी ठोकळ्यांवर चाकांविना उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये चढायचं. नाना ड्रायव्हरच्या जागेवर, पाहुणा क्लीनरच्या. काकी चहाची कपबशी खिडकीतून आत द्यायच्या. मग दोघांनी समोरच्या काचेतून बाहेर बघत बोलायचं. समोर दिसायचं काय, तर आमच्या घराची बाजूची भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेल्या शेणी. पाहुणा सोयरीक घेऊन आलेला असो नाहीतर तलाठ्याचा निरोप घेऊन, बोलता बोलता नानांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर जायचाच. आपण वीसेक फुटांवरच्या भिंतीकडे बघत लग्नाची बोलणी करतोय याचं पाहुण्याला अवघड वाटे, नानांना कधी वाटलं नाही.

मी शेजारीच राहणारा, मुरबाडच्या शाळेत मास्तर. त्यामुळे माझी फेरी रोजची. "बस रे मास्तर, कुठं जायचंय?" असं ते मला दर वेळी विचारायचे. मी म्हणायचो, "आळेफाट्यापर्यंत सोडा." त्यावर ते गंभीरपणे डिझेलच्या काट्याकडे बघायचे. हा काटा ती गाडी आमच्या आळीत आली त्याच्याही आधीपासून मेलेला होता. मग मान हलवून म्हणायचे, "आज काय निघतेय ती."

हे त्यांचं पालुपद. पुढे पुढे आळीतली मंडळीही कुणाचं काम रखडलं की "आज काय निघतेय" म्हणू लागली. नाना त्यावर हसायचे. चिडणं हा प्रकार त्यांच्यात नव्हताच. माझं मत विचाराल तर हीच त्यांची खोड होती, आणि तिचा फायदा आम्ही सगळ्यांनी घेतला. सगळ्यात जास्त मी.

नाना पंचवीस वर्षं कल्याणच्या एका शेठची गाडी चालवत होते. लांब नाकाची जुनी ट्रक, इंजिन पुढे काढलेलं, बॉनेट दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उघडणारं. कल्याणहून माल भरायचा, माळशेज चढून जुन्नरकडे जायचं, येताना कांदे-बटाटे घेऊन उतरायचं. आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्त्यापासून जरासं आत. गावच्या फाट्यावरून जाताना नाना दोन हॉर्न द्यायचे. काकींना तेवढी खुशाली पुरायची. गाडीत बायका बसवायच्या नाहीत असा शेठचा दंडक होता आणि नानांनी तो पंचवीस वर्षांत एकदाही मोडला नाही. काकींची सख्खी बहीण घाटावर दिलेली. तिच्याकडे काकी जायच्या त्या यष्टीनं, आणि कधी कधी मागून नवऱ्याची गाडी रिकामी यायची आणि यष्टीला ओलांडून पुढं जायची.

शेठनंतर त्याच्या मुलानं नव्या गाड्या घेतल्या आणि नव्या गाड्यांना नवे ड्रायव्हर. गाडी आणि नाना, दोघांना एकाच दिवशी निरोप मिळाला. गाडीच्या इंजिनचं हेड तडकलेलं होतं, तिला कोण विचारतो? ती त्यानं कागदांसकट नानांनाच देऊन टाकली. पन्नाशीतला माणूस, शेती थोरल्या भावाकडे, आणि भातलावणी हा प्रकार नानांना पाहुण्याइतकाच माहीत. ते चिखलात वाकायचे, पण रस्त्यावर गाडीचा आवाज आला की सरळ व्हायचे. मला म्हणायचे, "घाटात वळणामागं वळण येतंच ऱ्हातं रे. हितं बग, चार पावलं टाकली का बांध. चार पावलं का बांध. जीव कोंडतो."

तेव्हा त्यांनी ठरवलं. गाडी घरीच उभी करायची, पूर्ण खोलायची, नव्यासारखी करायची आणि काकींना शेजारी बसवून माळशेज चढायचा. तसं त्यांनी काकींना सांगितलंही, माझ्यादेखत. "एकदा तुला वर नेतो गो."

"वर नेताय का वर पाठवताय?" काकी म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ पाखडत राहिल्या. पण त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर नानांना दुसरा चहा विचारला, एरवी विचारत नसत.

गाडी आळीत आली ती नव्वदीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात. त्या वेळच्या आमच्या आळीबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. घरं कुडाची, आणि प्रत्येकाच्या दारापुढं कारवीची वई, म्हणजे कुंपण. जो तो आपली वई आळीत हात-दोन हात पुढं सरकवायचा, आत मिरची, वालाचा वेल लावायचा. त्यामुळे वर्षातले दहा महिने आळीतून जेमतेम एक म्हैस जायची. पण भात कापून झालं की भाऱ्यांच्या बैलगाड्या खळ्यावर न्यायच्या असत. तेव्हा आदल्या दिवशी सगळे आपापली वई उपटून भिंतीला टेकवून ठेवत. त्यासाठी कुणी कुणाच्या विनवण्या केल्या नाहीत. वई घालतानाच शेजाऱ्याला एकदा सांगायचं, "लागेल तवा उघडू." शेजाऱ्यानं "बरं" म्हणायचं. आमच्या आळीत यापेक्षा मोठा करार झालेला मला आठवत नाही. आणि तो पाळला जायचा, कारण कारवी ती. दोन माणसं आणि अर्धा तास.

वया उघडलेल्या होत्या त्याच आठवड्यात नानांनी गाडी आणली. नानांचं घर आळीत सगळ्यात शेवटी. खोकत, धूर टाकत ती गाडी आळीच्या तोंडाशी आली, तिथून नानांनी ती उलटी घेतली. आधी ज्ञानूचं घर, मग बबनचं, मग आमच्या भिंतीपाशी वळण आणि मग पडवी. सगळं मागं मान वळवून, एका दमात. ज्ञानूच्या अंगणातली कोंबडीसुद्धा उठली नाही. दुसऱ्या दिवशी वया परत लागल्या.

मग सुरू झालं त्यांचं खरं काम. इंजिन उतरलं, गिअरबॉक्स उतरली, चाकं निघाली, स्प्रिंगचे पाटे सुटे झाले. पडवीत गोणपाटावर नटबोल्ट रांगेनं मांडलेले, प्रत्येक रांगेपुढं खडूनं खूण. गंजलेल्या नटाला नाना कधी हिसका द्यायचे नाहीत. त्याला रॉकेल पाजायचे आणि दोन दिवस थांबायचे. "पयला त्याला इचारायचं, मंग पाना लावायचा. त्याला कळू दे ना आपन येतोय ते," असं म्हणायचे. मी त्यांना म्हणालो होतो, "नाना, बोल्टशी बोलता तेवढं काकींशी बोला." तर म्हणाले, "तिला कुठं गंज चढलाय?"

सुटे भाग कल्याणच्या भंगारवाल्यांकडून यायचे आणि मुरबाडहून यष्टीत बसून घरी पोचायचे. एकदा ते स्टेअरिंगचं चाक घेऊन आले. गर्दीत ते ठेवणार कुठं, म्हणून मांडीवर उभं धरून बसलेले. कंडक्टर म्हणाला, "नाना, यष्टी तुमी चालवताय का पुढच्याला सांगू?" नाना म्हणाले, "पुढच्याला चालवू दे. मी नुसतं वळनाला मदत करतो." आणि खरंच, सरळगावपासून आमच्या फाट्यापर्यंत प्रत्येक वळणाला ते चाक फिरवत होते. सबंध बस हसत होती. मीही होतो त्या बसमध्ये.

जुनी गाडी जशीच्या तशी करायची, असा त्यांचा हट्ट नव्हता. हौद्याच्या बाजूचे फाळके त्यांनी नवे सागवानी केले. पण खरी कारागिरी होती डाव्या बाजूला. क्लीनरची जी फळी होती ती काढून काथ्याची गादी असलेली बैठक बसवली. काकींचे गुडघे दुखायचे, म्हणून केबिनची पायरी चांगली वीतभर खाली आणली आणि दाराशी धरायला पितळेचा दांडा लावला. त्या बाजूची काच काकी बसल्यावर त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत येईल अशी कापून घेतली. माप घ्यायला काकींना त्यांनी एक दुपारभर पाटावर बसवून ठेवलं होतं. "सरळ बस गो, घाट वरनं दिसतो." काकी लाजून लाल झाल्या होत्या आणि मला जायला सांगत होत्या. मी गेलो नाही.

दरम्यान आळी बदलत होती. कुणी कारखान्यात लागलं, कुणी आसनगावहून पास काढून नोकरीला जाऊ लागलं, कुडाच्या जागी विटा आल्या. पहिला ओटा बांधला ज्ञानूनं. वई होती तिथंच, तेवढाच पुढं, फक्त आता सिमेंटचा. बांधण्याआधी तो रीतसर नानांकडे आला. "नाना, लागेल तवा उघडू." नाना म्हणाले, "बांध. आज काय निघतेय ती." मग बबननं वर खोली काढली, तिला बाहेरून जिना. तोही येऊन तेच म्हणून गेला.

आणि मग मी. माझी आई थकली होती. पहाटे टमरेल घेऊन शेताकडे जाणं तिला जमेना. घरात संडास बांधायचा ठरला, पण टाकीला जागा एकच, त्या वळणावर, भिंतीला लागून. मी केबिनमध्ये जाऊन बसलो. त्या दिवशी नानांनी कुठं जायचंय ते विचारलं नाही.

"कुठवर येईल?" ते म्हणाले.

"भिंतीपासून पाच फूट, आणि वर कमरेइतकी."

नाना फडक्यानं समोरची काच पुसायला लागले. आतून पुसली, मग हात बाहेर घालून बाहेरून पुसली. "म्हातारीला चिखलात पाठवायचं का? बांध तू."

"नाना, लागेल तेव्हा उघडू," मी म्हणालो.

मी शिकलेला माणूस. शाळेत मुलांना मापं-आकारमानं शिकवत होतो. विटांच्या टाकीला, तिच्यावरच्या स्लॅबला मी कारवीची भाषा वापरली, आणि ती वापरताना मला लाजसुद्धा वाटली नाही. म्हणायचं असतं म्हणून म्हणालो. नानांनी "बरं" म्हटलं, तेही म्हणायचं असतं म्हणूनच, असं मी धरून चाललो.

यानंतर नानांचं काम मंदावलं. बसवलेली गिअरबॉक्स त्यांनी पुन्हा उतरवली. एक दात झिजलाय म्हणाले. ती बसवली तर रेडिएटर काढला. रंग दिलेलं बॉनेट खरवडून पुन्हा रंगवायला घेतलं. हे असं दोन वर्षं चाललं, तीन चाललं. आळीत थट्टा व्हायची. मीही म्हणायचो, "नाना, गाडी तुम्हाला पुरी करायचीच नाहीये." ते हसून पाना पुसत बसायचे. शेवटी काकीच एकदा कावल्या. घाटावरची बहीण अंथरुणाला खिळली होती. त्या पडवीत येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या दसऱ्याला चालू नाय झाली ना, तर मी तिला भंगारात घालते. तुमालाबी तिच्यासंगंच."

दर दसऱ्याला नाना पान्यांची पूजा करायचे. त्या वर्षी गाडीचीही केली. चाकं चढली होती, बॉनेटवर झेंडूची माळ होती. रंग विटकरी लाल, फाळक्यांवर पिवळी पट्टी. वैशाखऱ्याच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून जुनी बॅटरी विकत आणलेली. सगळी आळी जमली होती. काकी नवं लुगडं नेसून खालच्या पायरीवर पाय ठेवून पितळेचा दांडा धरून चढल्या आणि बसल्या. नारळ फुटला. पहिल्यांदा नुसतीच घरघर झाली, दुसऱ्यांदा धूर आला आणि तिसऱ्यांदा इंजिननं असा काही आवाज धरला की पडवीची कौलं थरथरली. पोरं नाचायला लागली. माझे डोळे भरून आले होते, हे सांगायला मला संकोच नाही.

नानांनी गिअर टाकला. दहा-अकरा वर्षांनी गाडी हलली. पडवीतून नाक बाहेर आलं, केबिन बाहेर आलं, आणि माझ्या टाकीपासून वीतभर अंतरावर गाडी अलगद थांबली.

इंजिन चालूच होतं. आळीतला गलका हळूहळू बंद झाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिला मीच होतो ना वाटेत. नाना माझ्याकडे बघत नव्हते, पुढं बघत होते. काकी मात्र बघत होत्या, त्या मापानं कापलेल्या काचेतून, अगदी सरळ.

मी म्हणालो, "नाना, आत्ता जमीन ओली आहे. दिवाळी होऊ द्या. दिवाळीनंतर बघू."

ज्ञानू लगेच म्हणाला, "मास्तरांनी उघडली का मीबी ओटा काढतोच." बबननंही मान हलवली.

मग नानांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "आरं, आज काय निघतेय ती! अजून ब्रेकचं काम बाकी हाय." आणि त्यांनी गाडी मागं घेतली.

ब्रेकचं काम बाकी! माझ्या टाकीपासून वीतभर अंतरावर जी गाडी न हिसकता थांबली, तिच्या ब्रेकचं. लोक पेढे खाऊन पांगले. मी दोन दिवस त्या बाजूला फिरकलो नाही.

तिसऱ्या दिवशी गेलो. केबिनमध्ये चढलो. त्या काथ्याच्या गादीवर बसायचं माझं धाडस होईना, पायरीवरच उभा राहिलो. "नाना, मी फोडतो टाकी," म्हणालो.

"तुजी फोडशील. मंग बबन्याच्या पोरांनी वर जायचं कुठनं? ज्ञानूची बायको ओट्यावर भाकऱ्या थापते. तिला हाकलू?"

"पण ते बोलले होते, नाना. आम्ही सगळेच बोललो होतो."

"बोललेलेत ना. म्हनूनच तर." ते गिअरच्या दांड्याची मूठ तळव्यानं चोळत होते. "तुज्या टाकीला पाया खनला ना, त्याच दिवशी मी काठी धरून माप घेतलं. निघत नाय ती. मला ठावं व्हतं रे."

"मग इतकी वर्षं...?"

"गाडी तयार झाली का तुमी तिघं खोटे पडनार. नाय झाली तवर तुमचा शब्द खराच ना? म्हनून गिअरबॉक्स काढायची, परत बसवायची." ते हसले. "हिनं दसऱ्याचा घोशा लावला नसता तर अजून दहा वर्सं रेटली असती. आता बग, तू असा पायरीवर उभा ऱ्हातोस. आत बसत नायस."

या माणसानं आपल्या जिवाचा कोंडमारा एवढ्यासाठी सहन केला होता, की मला त्यांच्या शेजारी बसताना लाज वाटू नये. आणि मी त्यांच्या रखडण्याची थट्टा करत होतो.

इथं मी टाकी फोडली असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गवंड्याला एकदा बोलावलं. तो म्हणाला, टाकी घराच्या मागं न्यायची तर मधली खोली उकरावी लागेल. घरी बोलणं झालं, आईच्या दुखण्याचं निमित्त झालं. मग माझी बदली शहापूरला झाली आणि माझा दिवस यष्टीत जायला लागला. काकींची बहीण गेली. दोघं यष्टीनं जाऊन आली. नाना आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करायचे, पाच मिनिटं चालू ठेवायचे आणि बंद करायचे. तो आवाज सुरू झाला की मी घरात असलो तर रेडिओ लावायचो. पुढे तेही थांबलं. नाना केबिनमध्ये बसत, पण पाहुण्यांना आता घरातच बसवत. एका पौषात त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुरबाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

तेरावं झाल्यावर काकींनी भंगारवाल्याला बोलावलं. तो आला, गाडीभोवती फिरला, मग आळीतून रस्त्यापर्यंत चालत जाऊन परत आला. म्हणाला, "अख्खी निघनार नाय. गॅसनं कापून न्यायला लागंल." काकी म्हणाल्या, "काप." मी आमच्या दारात उभा होतो. मी ऐकलं, ज्ञानूनं ऐकलं, वर जिन्यात बबन उभा होता त्यानंही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी टिकाव घेऊन बाहेर आलो तर ज्ञानू ओट्याच्या कडेला पहार लावून बसला होता. बबननं जिन्याचे कठडे रात्रीच काढून ठेवले होते. मी टाकी आदल्या संध्याकाळी उपसून घेतली होती. स्लॅब फोडला, विटा काढल्या, खड्डा मुरूम घालून भरला आणि धुमसानं ठोकून घट्ट केला. घरच्यांनी विचारलं, आता जायचं कुठं, तर मी म्हणालो, ते बघू. इतकी वर्षं जे बघता आलं नव्हतं ते त्या दिवशी कसं कोण जाणे बघता आलं. आठ वाजता हात लावला होता. जेवणवेळेला पडवीपासून रस्त्यापर्यंत आळी मोकळी.

ठोकाठोकी थांबल्यावर काकी बाहेर आल्या. पडवीच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. आमच्या भिंतीपासून त्यांची नजर हळूहळू बबनच्या घरावरून, ज्ञानूच्या घरावरून पार रस्त्यापर्यंत गेली. रस्त्यानं एक जीप चालली होती, ती तिथून स्वच्छ दिसली. मग त्यांनी मला विचारलं, रागानं नव्हे, खरोखरच कळून घ्यायचं असावं तसं.

"एवढंच व्हतं का रे, मास्तर?"

आम्ही तिघं हातात घमेली धरून उभे होतो.